थांबण्याचा खर्च

सॅमसन पेणकरने जुन्या डिस्क उतरवून
गोणपाटावर मांडल्या. चार. कडेला नारिंगी.
गाडी दोन रात्री उभी राहिली
की खाडीची हवा लोखंड चाटून जाते,
आणि सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला
घसा खाकरल्यासारखी खरखर.
हे आता बंद, तो म्हणाला.
कार्बन सिरॅमिक गंजत नाही.

नवी डिस्क त्याने माझ्या हातात दिली.
मी जडाच्या तयारीने हात पुढे केले होते,
ते उगाचच वर गेले.
टिचकी मारली. लोखंड घणघणतं,
ही नुसती टक् म्हणाली,
बरणीत सुकी सुपारी पडावी तशी.

"एक सांगू?" सॅमसन म्हणाला.
एमआयडीसीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये
तो पैसे घेण्याआधी खरं बोलतो.
"ट्रॅकवर हिला तोड नाही. पण तुम्ही जाणार पाम बीचने,
वाशी ते बेलापूर, सिग्नल आणि कॅमेरे.
ही तापणारच नाही कधी. थंड असली
तर जरा उशिरा चावते. ओरडेलसुद्धा.
आणि चाक बसवताना जपा,
रिमची धार लागली तर कड उडते.
उडालेली कड भरून मिळत नाही."
मी म्हटलं, बसव.

बिलाचा आकडा बायकोला सांगितला नाही.
आबांना सांगितला. का, ते माहीत नाही.

आबा, बाळाराम घरत, वय अठ्ठ्याहत्तर,
तुर्भ्याच्या खाणीवर सव्वीस वर्षं डंपर.
"नुसता थांबाला यवरं पैसं? कनाला?"
मग गप्प. गुडघ्यावरून हात फिरवत राहिले.
मग म्हणाले की भरलेली गाडी उताराला लागायची
आणि पेडल जायचं थेट खाली,
पायाखाली नुसती हवा. आवाज नाही, काही नाही.
क्लीनर हरिचंद्र ठोकळा घेऊन उडी टाकायचा,
पळत पळत मागच्या चाकाखाली सारायचा.
बाभळीचा ठोकळा. महिन्याला दोन लागायचे.

"ठोकळा कधी चुकला नाही?"

"ठोकळा नाय. हरिचंद्र चुकला. एकदा."

टीव्हीचा आवाज वाढवला.

रविवारी पहाटे त्यांना फिरवायला नेलं.
त्या बुटक्या सीटमध्ये उतरायलाच
पाच मिनिटं आणि एक शिवी लागली.
सारसोळेच्या सिग्नलला मी हलकेच पाय ठेवला
आणि चारही चाकं अशी किंचाळली
की फुटपाथवरच्या बाईंनी कुत्र्याला जवळ ओढलं.
माझे कान तापले. एवढे पैसे.
ब्रेक सोडून सगळं तापत होतं त्या गाडीत.

आबा मात्र खुशीत.
"वरडतान म्हंजे हान," ते म्हणाले.
पुढच्या सिग्नलला पुन्हा किंचाळी, पुन्हा तेच,
बेलापूरपर्यंत, हजेरी घेतल्यासारखं.
किल्ल्याजवळ आम्ही चहा प्यायलो.
रिमवर बोट फिरवून त्यांनी बोट बघितलं.
काळं नव्हतं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

जुन्या डिस्क भंगारात द्यायच्या होत्या.
तीन दिल्या.
चौथी आमच्या पार्किंगमध्ये असते.
रोज रात्री, जेवण झाल्यावर,
आबा लिफ्टने खाली जातात
आणि ती माझ्या गाडीच्या
मागच्या चाकाला टेकवून ठेवतात.
जमीन सपाट आहे. हँडब्रेक ओढलेला असतो.
गिअरही टाकलेला.

सकाळी मी वाकून ती काढतो,
भिंतीला लावतो,
आणि ऑफिसला पोहोचेपर्यंत
स्टिअरिंगवर नारिंगी बोटं.