टोप्या

पीठ मळताना मी ईयाला काही शिकवत नाही.
फक्त म्हणते, गोळा दे. अजून एक. अजून एक.
ती देते. मग विचारते,
"आता 'अजून' संपला का?"

तिचे आकडे भरवशाचे नाहीत.
एक, दोन, तीन, सात, आणि सातानंतर
परत तीन, कारण तीन तिला आवडतो.
पण ताटातली एक खिंकाली नाहीशी झाली
की न मोजता तिला कळतं,
आणि तिचा भाऊ बाहीला तोंड पुसतो.

चुण्या मोजायला बसली की बोट फिरतच राहतं.
गोलाला पहिलं असं काही नसतं.
मी एका चुणीवर मिरीचा दाणा टेकवते:
हे घर. इथून निघ, इथे आलीस की थांब.

शेंड्याची टोपी आम्ही खात नाही,
ताटात ठेवतो; कुणी किती खाल्ल्या ते तीच सांगते.
ओतार अठरा खाल्ल्या म्हणतो,
टोप्या चौदा असतात.

यंदा तो निघाला तेव्हा लार्सीच्या नाक्यावर
ट्रकांची रांग होती, वर बर्फ.
किती दिवस, हे त्याला ठाऊक नव्हतं,
आणि दिवस केवढा असतो, हे हिला.
त्या रात्री तिनं आपली एक टोपी खिडकीत ठेवली.
दुसऱ्या रात्री नुसतं लोबियो होतं,
तरी टोपी हवीच.
मी कच्च्या पिठाची चिमटी वळून दिली.

फोनवर तो विचारी, किती झाले गं?
ती फोन खिडकीकडे धरी.

मग मांजरानं एक पळवली.
ईयानं माझ्या कोटाचं लोंबतं बटण ओढलं
आणि रिकाम्या जागी बसवलं.
अगं, बटण म्हणजे टोपी नव्हे.
"पण तो दिवस तर झाला ना?"

आला, तर बूटही काढू दिले नाहीत.
खिडकीशी नेऊन त्याच्या ओंजळीत
एकेक ठेवत गेली. तो "नऊ" म्हणाला.
ती म्हणाली, "थांब, अजून बटण राहिलंय."

वाळलेलं पीठ कोंबड्यांना गेलं.
परवा दुकानात बाई म्हणाल्या,
कोटाला एक बटण कमी आहे तुमच्या.
मी काही बोलायच्या आत ईया:
"कमी नाही. बाबाच्या ट्रकमध्ये आहे."