काना

दगड कारवारहून आला. काळा, तीन फूट बाय दोन.
आमचा जांभा अक्षर धरत नाही,
चार वर्षांत वेलांट्या झडतात.
टेम्पोतून उतरवायला चौघे लागले,
पाचवा पालिकेचा फोटोग्राफर.

मजकूर लेटरहेडवर, तीनदा खोडलेला:
‘दोन पात्यांच्या बंडात
शिरंगाळें शहर जळले.’
(शहर तेव्हाचं. आता वॉर्ड क्रमांक सात.)
कागद उजेडाला धरला तर खाली दिसतं,
आधी ‘जाळले’ होतं.
मग कुणीतरी काना खरवडलेला,
मग निळ्या शाईने परत दिलेला,
मग पांढऱ्या शाईने बुजवलेला.

बैठकीला मी दाराशी बसलो होतो, मापं घेऊन.
थोरल्या पातीचे आनासाब म्हणाले,
जाळले लिहा हवं तर, पण कुणी, ते नको.
धाकट्या पातीच्या वकीलबाई म्हणाल्या,
जाळले म्हटलं की लोक कर्ता शोधतात.
सालाबद्दल तीन मतं पडली.
रुझारबाब चहात बिस्कीट बुडवत होते.
त्यांच्या खापरपणज्याची काजूची भट्टी
सगळ्यांत आधी पेटली होती म्हणतात.
ते एवढंच बोलले,
‘उजो आपशींच लागना.’
इतिवृत्तात ते आलं नाही.

चबुतऱ्यासाठी खणलं
तर कमरेएवढ्या खोलीवर काळी रेघ लागली,
बोटभर जाड, चारी भिंतींना सारखी.
त्या रेघेत भात.
कोळसा झालेलं, तुसासकट,
दाणा न् दाणा सुटा, टोकाचं कुसळसुद्धा शाबूत.
सदाने ओंजळभर उचलून सवयीने फुंकर मारली,
आणि मग तोच हात लांब धरून उभा राहिला,
फुंकर मारली म्हणून.
ठेकेदार ओरडला, काँक्रीटची गाडी थांबलीय.

माझा बाप सिमेतेरीतली नावं कोरायचा.
सांगायचा, मेलेल्याचं नाव दाटीवाटीत बसवू नये.
ज कोरून झाल्यावर मी तीन सूत जागा सोडली
आणि मग ळ सुरू केला.
इंजिनिअरने फूटपट्टी लावली. हे सैल वाटतंय.
म्हटलं, ळ गोल असतो, त्याला हवा लागते.
अक्षराला चाळीस रुपये ठरले होते.
काना धरत नाहीत.

मंत्री साडेदहाचे पावणेबाराला आले.
मांडवाला अग्निशमनचा ना-हरकत दाखला,
म्हणून बंब आंब्याखाली उभा,
त्याच्यावर प्राथमिक शाळा चढलेली.
समई पेटवावी की कसं, यावर बराच खल झाला,
शेवटी बटणावर चालणारी आणली.
नारिंगी कापड, आत पंखा, फडफड.
दोन मिनिटं स्तब्धता ठेवली होती.
पहिल्यातच कुणाचा तरी फोन वाजला
आणि ती पूर्ण झाली असं धरण्यात आलं.
पडदा ओढला. दोन्ही पात्यांनी
एकाच हाराला हात लावला.
शेवटची ओळ हाराखाली गेली.

हार कुणी काढला नाही.
चौथ्या दिवशी मीच गेलो, झेंडू कुजला होता.
खाली, त्या तीन सुतांत,
उभी रेघ. कोळशाची.
शिरोरेषेला नीट भिडवलेली,
शाळेत मार खाऊन शिकलेल्या हाताची.
कुठल्या पातीचा हात, ते रेघेवरून कळत नाही.

तेवढ्यात पुतळाबाय झाडू घेऊन आली.
डाग पुसायची तिला ताकीद आहे.
बादलीत फडका बुडवला आणि विचारलं,
काय रे लिहिलंय एवढं?
मी वाचून दाखवलं, रेघेसकट.
ती जरा थांबली. ‘हें सगळ्यांक खबर आसा,’ म्हणाली,
आणि पुसलं, वरून खाली, दोनदा.
दगड वाळेपर्यंत
तेवढी जागा बाकीच्या दगडाहून
जास्त काळी होती.