दहा सेकंद

यंत्र सुरू केलं की काळ्या पडद्यावर
दोन ओळी उमटतात.
वरची लिनक्सची, खालची एक्सपीची,
आणि तळाशी दहापासून उलटे आकडे.
कुणी हात लावला नाही, तर वरची उघडते.
ही व्यवस्था माझी.

सोमवारी मात्र विर्वे येते,
बुटांवरचा बर्फ दारातच झटकते,
लाहेमाच्या दलदलीतल्या पाइनच्या कांड्या,
पेन्सिलीएवढ्या, टेबलावर मांडते
आणि पडद्याकडे न बघताच
खालचा बाण दाबते.

वलयं मोजायचं ते टेबल दुसऱ्या कुणाला
ताकास तूर लागू देत नाही.
नऊ पिनांची जाड केबल, आणि तिच्या पलीकडे
एन्डेलने लिहिलेला प्रोग्रॅम, सन दोन हजार तीन.
वाइनमध्ये चालवून पाहिला,
आभासी यंत्रात बसवून पाहिला,
विसाव्या वलयाशी आकडे गोठायचे.
"मी नवा लिहितो," म्हटलं.
"लिही की," विर्वे म्हणाली.
तीन हिवाळे झाले त्याला.

तिथे ती हिरवी टेकडी अजून आहे,
तेच ढग, तसूभरही न हललेले.
इंटरनेटची तार आम्ही आधी काढून ठेवतो,
बाहेरचं वारं लागायला नको.
वरच्या पट्टीत एन्डेलची आद्याक्षरं.
कळ चुकून दोनदा दाबली गेली
तर एक करडी चौकट येते:
"पुन्हा मोज. घाई कुणाला आहे?"
त्याच्या बोलण्यातलं
एवढंच उरलंय.

विर्वे चाक फिरवते, कळ दाबते,
एक वर्ष.
फिरवते, दाबते.
एक वर्ष.
एकोणीसशे एक्केचाळीस इतकं बारीक
की भिंग पुसून पुन्हा बघावं लागतं.
ती काही बोलत नाही.
पुढचं वर्ष जरा रुंद आहे.

एक भानगड राहून गेली सांगायची, घड्याळाची.
आत घड्याळ एकच.
लिनक्स त्यात ग्रिनिचची वेळ वाचतो,
एक्सपीला ती तार्तूचीच वाटते.
म्हणून तिथे दोन तास कमी दिसतात;
विर्वे मनगटाकडे बघून काटे पुढे करते,
आणि मी वरच्या ओळीत परतलो
की इथे दोन तास जास्त.
मी मागे ओढतो. पुढच्या सोमवारी ती पुढे.

एका आज्ञेचं काम आहे.
मला ती पाठ आहे.

कोट चढवताना ती विचारते, "किती वाजले रे?"
मी खिडकीबाहेर बघतो,
नदीवरचे दिवे लागलेत का ते,
आणि अंदाजाने सांगतो.