प्रपत्र ब, रकाना सतरा

मंठ्याच्या पुढं अकरा किलोमीटर, फाट्यावरून पायी.
बॅगेत सव्वीस रकान्यांचं प्रपत्र:
होय, नाही, अंशतः.
कार्बन घालून तीन प्रती.

जालन्याचं ते प्रशिक्षण आम्हीच घेतलेलं.
व्याख्यान देऊ नका,
हे आम्ही पाच दिवस
व्याख्यान देऊन सांगितलं.
कूलरच्या आवाजात कुणी टिपणं काढली, कुणी डुलक्या.
त्या मे महिन्याला तीन वर्षं झाली.
काय रुजलं ते मोजायला निधी आत्ता आला.

नववी अ. कावेरी आडे मॅडम.
साहित्यपेटी वापरली का? नाही.
पेटीला कुलूप, कुलपावर मुख्याध्यापकांच्या सहीची चिठ्ठी,
फुटलं तर पगारातून.
गट पाडले का? अंशतः.
बाक फरशीत पुरलेले, पोरं मागं वळली तेवढाच गट.
तक्ते? नाही.
सात मिनिटांत मी सहा वेळा नाही लिहिलं
आणि घड्याळ पाहिलं.

मग बाईंनी डब्याच्या पिशवीतून मोसंबी काढली
आणि वर फेकली.
पत्र्याखालच्या कैचीला लागता लागता
ती परत हातात आली.
"अगदी वर पोचली, त्या क्षणाला वेग किती?"
शून्य. सगळा वर्ग.
"आणि त्वरण?"
हात मोजले. शून्य म्हणणारे एकतीस,
नाही म्हणणारे चार.
एक पोरगा खिडकीबाहेरच्या शेळीकडं बघत होता,
फळ्यावर त्याचीही नोंद झाली:
ठरलं नाही, १.

"आता शेजारच्याशी भांडा."

अन् वर्ग भांडला.
मोसंबी या बाकावरून त्या बाकावर उडत राहिली.
"थांबली म्हंजे थांबली की!"
"थांबली तर मंग परत यायला
कोण सांगितलं तिला?"
हे तबस्सुम. चारांतली एक.

पुन्हा हात. शून्य सतरा, नाही एकोणीस.
शेळीवाला एकोणिसांत.
कारण विचारलं तर नुसता लाजला.

घंटा झाली. बाईंनी उत्तर दिलंच नाही.
"उद्या," म्हणाल्या, आणि खडू झटकला.

रकाना सतरा: पाठाचा समारोप योग्य रीतीने केला का?

अंबडला अकरा वर्षं मीही हेच शिकवलंय.
नऊ पूर्णांक आठ, खालच्या दिशेनं, लिहून घ्या.
समारोप कायम घंटेच्या आधी.
सहामाहीत निम्मा वर्ग शून्य लिहायचा
आणि मी स्टाफरूममध्ये म्हणायचो,
लक्षच नसतं कार्ट्यांचं.

तेव्हा प्रयोगवहीत पहिली सूचना माझीच असायची:
व्हर्निअरचे जबडे आधी मिटवा,
शून्यावर शून्य येतंय का बघा,
येत नसेल तर तेवढी चूक
प्रत्येक मापातून वजा करा.
प्रपत्र ब मध्ये त्याला जागा नाही.

चहा पिताना बाई म्हणाल्या,
"सर, कमी पडलं असेल बरंच.
तुम्ही सांगितलेलं निम्मं सोडून दिलं मी.
हे एकच धरलं. पहिल्या वर्षी पोरं नुसती हसली,
दुसऱ्या वर्षी मीच रडले.
आता कुठं जमायलंय."
मी मान हलवली.
आमच्याकडून फोन तरी गेला होता का कधी, मधल्या वर्षांत?
आठवत नाही. गेला नसावा.

निघताना त्यांनी मोसंबी हातावर ठेवली,
तीच, छत्तीस हातांनी जरा मऊ झालेली.

फाट्यावर गाडी येईना.
इकडं तिकडं बघून मी ती वर फेकली.
वर ती थांबली.
म्हणजे, थांबली नाही.

झेल सुटला.
फवारणीपंप घेऊन बसलेल्या माणसानं
बाकाखालून ती काढून दिली,
आणि मी पुन्हा फेकतोय म्हटल्यावर
तोही मान वर करून बघायला लागला.
"काय बघायलाव सर, वरी?"