संपर्क नको

वाक्य कार्यालयानं घडवून दिलंय.
ते सांगायचं नाही, वाचून दाखवायचं.
मग खाली तारीख, वेळ, कॉल किती मिनिटं चालला,
आणि सही माझी: ग्रॉन्या मुल्व्हिहिल, रॉसकॉमन.

मॅलकी टिअर्नी, वय एकसष्ट.
(नाव बदललंय. टँकरही कदाचित टँकर नसेल.)
पहाटे चारला दुधाचा टँकर काढतो,
म्हणून फोन दुपारी दोननंतर करावा,
असं अर्जाच्या कडेला पेन्सिलनं.
मागे किटली शिट्टी घालत होती.
ती त्यानं उतरवली आणि म्हणाला, हं, वाचा.

तुमच्या जन्मदात्रीनं नोंदवलं आहे
की तिला संपर्क नको.
तिच्या खाजगीपणाचा आपण मान राखावा.
आपल्याला हे समजलं का?

समजलं, असं तोंडानं म्हणावं लागतं.
मान हलवलेली फोनवर दिसत नाही.

समजलं.

आता पाकीट पोस्टानं येईल, मी म्हटलं.
आई कोण ते कळणं तुमचा हक्क,
न भेटणं तिचा.
हे वाक्य माझ्या पदरचं.

तिचा फोन दोन वर्षं आधी आला होता.
शेजारच्या खोलीत कुणी असल्यासारखा आवाज.
नवरा गेलाय, म्हणाली, पण मुलगा आहे, सून आहे,
आणि मला अजून रविवारी चर्चमध्ये बसायचंय.
तेव्हा गावानं नावं ठेवली असती
म्हणून मला सहा महिने लांब धाडलं.
मी त्याचं एकच नाव ठेवलं,
तेही त्यांनी खोडून दुसरं घातलं.
तिचं नाव मी इथं बदलूनसुद्धा घालणार नाही.
फोन ठेवता ठेवता विचारलंन्,
उंच झाला का गं?

त्याची फाइल तेव्हा माझ्याकडे नव्हती.
असती तरी काय?
उंची ही व्यक्तिगत माहिती आहे.

अकराव्या दिवशी त्याचा फोन.
माझं नाव फाख्टना होतं म्हणे.
गाडीत एकटा असताना म्हणून बघतो,
जिभेवर बसत नाही अजून.
मग बराच वेळ नुसता वारा.
मग म्हणाला, ती वाडी माझ्या रूटवर आहे.
त्या नावाची बाई तिथं एकच.

अकरा वर्षं दिवसाआड दूध उचलतोय तिथनं.
मुलगा गाई बघतो. त्याच्याशी बोलतो मी,
फॅटबद्दल, चिखलाबद्दल, शनिवारच्या मॅचबद्दल.
म्हातारी स्वयंपाकघराच्या खिडकीत.
मी स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो,
इकडे सगळेच उचलतात, ओळख असो नसो.
ती हातातलं फडकं हलवते.

रूट बदलून मागितला
तर कारण लिहून द्यावं लागेल.
उद्या पाळी आहे तिकडची.
बाई, बोट उचललं तर तो संपर्क धरतात का?

मी व्याख्यांचं पान काढलं.
पत्र. फोन. भेट. तिसऱ्याकरवी निरोप.
बोट कुठंच नाही.

आणि नाही उचललं तर?
अकरा वर्षांत पहिल्यांदा नाही उचललं
तर तिला कळेल ना, की मला कळलं.

मी कायदेशीर सल्ला देऊ शकत नाही, म्हटलं.
तो हसल्यासारखं काहीतरी.
त्यानं ठेवला नाही, मीही ठेवला नाही.
एकोणीस मिनिटं, अशी नोंद आहे.
बोलणं त्यातलं सहा-सात मिनिटांचं.

घरी जाताना मोरीच्या पुलावर
समोरून एक टँकर आला.
त्याचा नसणार, ती वेळ त्याची नव्हे.
तरी मी बोट उचललं.

दुधाची टाकी घराच्या मागं आहे म्हणाला होता,
उतरतो तो तिथं.
म्हणजे खिडकीतून
तो तिला बसलेलाच दिसत असणार.