एक ते पाच

मॅडम फॉर्मवरून विचारतात,
गोळीबद्दल किती समाधानी? एक ते पाच.

तांबाकाट्याला मी भांड्यांवर नावं कोरतो.
आधी कानात एक बाई बसायची,
गिऱ्हाइकाची नावं आधीच सांगायची,
निम्मी चुकीची.
आता दुकानात नुसता पंखा.
हात थरथरतो. परवा शोभाताईंच्या कळशीवर
'भ'चा 'म' झाला,
कळशीचे पैसे पगारातून गेले.

मार्चमध्ये अकरा गोळ्या मोरीत थुंकलो.
हेमांगीला जाळीत एक सापडली, अर्धी विरघळलेली.
बोलली काहीच नाही.
चहा बिनसाखरेचा आला.

तीन, मी म्हणतो.
मॅडम गोल करतात.

जिना उतरताना आठवतं,
सकाळी पोरगी माझ्या सुटलेल्या पोटावर
तबला वाजवत होती
आणि मला
फक्त तबलाच ऐकू येत होता.