हातचा एक

मार्चपासून सायेनला सगळं दोन दिसायचं.
दोन चंद्र, दोन होड्या, जिन्याला दुप्पट पायऱ्या.
"बाबा, तुम्ही दोघं कधी आलात?" म्हणायची,
आणि मी हसायचो. शिंपल्यांचे दोर ओढताना
दोन महिने सगळ्या खाडीला हेच सांगत हिंडलो.

मग सान्तियागो. रात्रभर बस,
मांडीवर आमच्या बेटाच्या जांभळ्या बटाट्यांची पिशवी;
डॉक्टरांकडे रिकाम्या हाताने कसं जायचं?

उर्रुतियाबाईंनी कागदावर कवटी काढली, उलटी,
मला सुलटी दिसावी म्हणून.
मेंदूच्या खाली, नाकाच्या मागे एक हाड.
त्याच्या नावाचा अर्थ उतार.
पोर मुंगीएवढी होती तेव्हाचं काहीतरी
तिथे विरघळायचं राहून गेलं, म्हणाल्या.
आता वाढतंय.
"लाखात एक?"
"आणखी बरीच शून्यं लावा."

शून्यं लावत मी पार्किंगपर्यंत गेलो.

कवटी उघडणार नाहीत, नाकातून जातील.
त्याच नाकातून, ज्यातून एकदा मी
हिच्या आकड्याने वाटाणा काढला होता.
दोन्ही बाजूंना धमन्या, मधली वाट
माझ्या करंगळीहून अरुंद.
मला खडक कळतात, ओहोटीला कोणता किती वर येतो ते.
विचारलं, तिथे ओहोटी असते का?
बाई हसल्या नाहीत.
"ठोका असतो. दर ठोक्याला भिंत हलते."

अकरा तास.
हिने मोज्याची टाच विणली, उसवली, पुन्हा विणली.
मी चार कॉफ्या घेतल्या, प्यालो नाही.

बाई आल्या, नाकावर मास्कचा वळ.
"काढलं. धमनीला चिकटलेला तांदळाएवढा तुकडा सोडला.
ओढला असता तर..."
वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, मीही मागितलं नाही.
त्यावर किरणं सोडू, मग बघत राहू.
"किती दिवस?"
"ती माझ्याएवढी होईपर्यंत."

शिंकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, उताणं पडायचं.
"बाबा, दुसरा तू आता
फक्त डावीकडे बघितलं की येतोस."
येऊ दे, म्हटलं.

कंटाळली म्हणून गणितं घातली, तोंडी.
सत्तावीस आणि पंधरा.
सात आणि पाच बारा, दोन खाली,
"हातचा एक कुठे ठेवू?"
"डोक्यात ठेव," बोलून गेलो
आणि जीभ चावली.

मान न हलवता ती म्हणाली,
"ठेवलाय."